बासरी शिकवणाऱ्याला शाळेत जागा द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात बासरी शिकवणारा मी एक शिक्षक. बासरीवादक पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे, कारण माझी मागणी तिच्यातूनच निघते.

चौरसिया अलाहाबादचे. वडील पैलवान, मुलानेही आखाड्यात घुमावं ही त्यांची इच्छा. मुलगा मात्र आधी शेजारच्या पंडित राजारामांकडे गाणं आणि मग भोलानाथ प्रसन्नांकडे बासरी शिकला. 1957 साली कटक आकाशवाणीत नोकरी लागली, पुढे मुंबईला बदली झाली. इथे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्यांना भरपूर काम होतं, नावही होतं. तरीही ते सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींच्या दाराशी शिकायला गेले. झालेलं सगळं विसरून पहिल्यापासून शिकायची तयारी आहे हे पटवायला त्यांनी उजवीकडे धरायची बासरी डावीकडे घेतली. बोटांची वर्षानुवर्षांची सवय मोडायची म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळेल! पुढे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात त्यांनी शिकवलं, मुंबईत आणि भुवनेश्वरला वृंदावन गुरुकुल उभं केलं. पद्मविभूषण मिळालेल्या माणसालाही शिकवायला स्वतःची वास्तू हवीशी वाटली.

साहेब, बासरी समोर बसूनच शिकावी लागते. वरची तीन छिद्रं झाकली की षड्ज, म्हणजे सा. पण मुलाच्या अनामिकेखालून जरा हवा निसटली की स्वर फाटतो, आणि ते बोट किती सरकवायचं हे मोबाइलवरच्या व्हिडिओला दिसत नाही. कोमल गंधाराला, म्हणजे कोमल ग ला, छिद्र अर्धंच उघडायचं असतं. त्यासाठी मी मुलाच्या बोटावर बोट ठेवून दाखवतो. लहान हातांना पांढरी पाच या पट्टीची आखूड बासरी पुरते. मैफलीची लांब बासरी त्यांच्या हातात इतक्यात द्यायचीच नाही.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण आपण देता, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते मिळवायला गांधर्व महाविद्यालयासारख्या संगीत संस्थांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि त्यांची तयारी खासगी क्लासमध्येच होते. फी परवडते त्याला गुण. शेतमजुराच्या पोरीचा गळा कितीही सुरेल असला, बोटं कितीही चपळ असली, तरी तिच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला शिकवायला कोण आहे?

म्हणून विनंती अशी. प्रत्येक तालुक्यात निदान एका सरकारी शाळेत आठवड्यातून दोन दिवस वाद्यसंगीताचा वर्ग सुरू करा. शिक्षक नेमताना बी.एड.ची अट घालू नका. संगीतातली विशारद परीक्षा झालेला किंवा गुरूकडे बसून शिकलेला कलाकार प्रात्यक्षिक घेऊन निवडा. मानधन तासिकेवर नको, महिन्याला ठरावीक द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत चूल बंद राहत नाही. आणि वाद्यं शाळेच्या मालकीची असू द्या, म्हणजे कुणा मुलाला बासरीअभावी नुसतं ऐकत बसावं लागणार नाही.

येत्या शैक्षणिक वर्षाआधी याचा शासन निर्णय निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक बासरीशिक्षक