छोटा धबधबा छोटाच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अंदमानवरचा लेख वाचला. सेल्युलर जेल, रॉस आणि हॅवलॉक बेटं यांवर भरभरून लिहिलं आहे. शेवटी लिटल अंदमान बेटावरच्या व्हाइट सर्फ धबधब्याला दोन ओळी मिळाल्या आहेत: धबधबा छोटा आहे, सोयी नाहीत, रस्ता, कठडे आणि खाण्याचे स्टॉल झाले तर पर्यटक वळतील. हे पत्र त्या दोन ओळींसाठी लिहिते आहे.

आपली मराठी माणसं अंदमानला जातात ती सावरकरांच्या कोठडीसाठी. मीही त्यासाठीच गेले होते. 1911 साली त्यांना जिथे आणलं, त्या दगडी कोठडीत उभं राहताना डोळे भरून आले. पण एवढ्या लांब आलोच आहोत, तर त्या बेटांचं जंगल बघितल्याशिवाय परतायचं नाही, असं आम्ही दोघांनी घरूनच ठरवलं होतं. सहल कंपनीच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, तिकडे बघण्यासारखं काही नाही, दोन दिवस फुकट जातील." मग सहल संपल्यावर आम्ही मागे थांबलो, पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) सरकारी बोटीची तिकिटं काढली आणि लिटल अंदमानच्या हट बे बंदरात उतरलो. सगळा दिवस बोटीत गेला. पण ते दोन दिवस फुकट गेले नाहीत.

हट बे हे काही पर्यटकांचं गाव नाही. 2004 च्या त्सुनामीत त्याची धूळधाण झाली होती. पुढच्या वस्त्या लोक जेटीपासूनच्या किलोमीटरवरून ओळखतात. तिथे बरीचशी कुटुंबं बंगाली, पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेल्यांची. आमचा रिक्षावालाही त्यांतलाच, वय तिशीचं. धबधबा जेटीपासून सहा-सात किलोमीटरवर. रिक्षा थांबते, मग पायवाट.

त्या पायवाटेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही जानेवारीत गेलो होतो, म्हणजे पाऊस संपलेला, तरी पायाखालचा पाचोळा ओलाच होता. गर्जन नावाच्या झाडांचे सोट इतके सरळ आणि उंच, की फांद्या बघायला मान मागे टाकावी लागते. काही झाडांच्या बुंध्यांपासून मुळं भिंतीसारखी बाहेर आलेली, माझ्या खांद्याला लागतील एवढी. मधूनमधून वेताची जाळी. आणि पाण्याचा आवाज पुष्कळ आधीपासून येत राहतो.

धबधबा छोटाच आहे, हे खरं. ठोसेघर बघितलेल्या माणसाला तो ओढ्याची उडीच वाटेल. पण खालच्या डोहातलं पाणी इतकं नितळ, की तळाची पानं मोजता यावीत. डोहाच्या काठी मी मुळावर बसले होते. मुळाच्या बेचक्यात साचलेल्या ओंजळभर पाण्यात नखाएवढा बेडूक बसला होता. मी अर्धा तास तिथे होते, तोही होता.

आमच्या रिक्षावाल्याला हात धुवायचे होते. डोह समोर असताना तो प्रवाहाच्या काठाने बराच खाली चालत गेला. मी विचारलं, इथे का नाही? तो म्हणाला, "यहाँ नहीं आंटी, पहले ये पानी पीते थे हम लोग."

त्याच वेळी आपल्याच महाराष्ट्रातला एक दहा-बारा जणांचा गट आला. मराठी ऐकून आधी आनंद झाला. मग स्पीकर सुरू झाला, डोहात उतरून साबण लावणं सुरू झालं, आणि ते गेल्यावर शाम्पूच्या तीन पुड्या आणि वेफर्सचं एक पाकीट मुळांत अडकलेलं राहिलं. ते मी उचललं. बेडूक तिथे नव्हता.

त्या बेटांवर हिमालयासारखा बर्फ नाही, की मोठी नदी नाही. पाणी येतं ते पावसाचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण समुद्र इतका जवळ, की पडलेलं पाणी धरून ठेवायला काही नसेल तर ते लगेच वाहून जातं. पोर्ट ब्लेअरचंच बघा. एवढ्या पावसाच्या गावात उन्हाळ्यात धनीखारी धरणाची पातळी उतरली, की दिवसाआड नळ सोडायची पाळी येते. जानेवारीतही तो छोटा धबधबा वाहत होता, तो वरच्या जंगलाने पावसाळ्यातलं पाणी मुरवून ठेवलं म्हणून. लिटल अंदमानमधली व्यापारी जंगलतोड 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. आता पर्यटकांच्या सोयीसाठी तिथे झाडं पाडायची, काँक्रीट ओतायचं, याला माझा जीव तयार होत नाही.

मी साताऱ्याची. ठोसेघरला लहानपणी वडिलांच्या सायकलवरून गेले आहे. आज तिथे गॅलरी आहे, पार्किंग आहे, कणसं आणि भजी आहेत, आणि दरीत टाकलेल्या बाटल्या आहेत. पण आमच्याच जिल्ह्यात कासचं फुलांचं पठारही आहे. तिथेही एके काळी लोक फुलांवर गाद्या टाकून लोळत होते. मग वनखात्याने आसपासच्या गावांना बरोबर घेऊन नियम केले. हंगामात आधी नोंदणी, माणसांची ठरावीक संख्या, गाड्या लांब उभ्या करायच्या, आणि गावातली मुलंमुली गाइड. त्यात कमतरता आहेत, मी स्वतः त्याबद्दल आपल्याच सदरात तक्रार केली होती. तरी फुलं राहिली आणि गावात पैसाही आला. व्हाइट सर्फला जे करायचं, ते या धर्तीवर करा. स्टॉलऐवजी आमच्या रिक्षावाल्यासारख्या दोन माणसांना तिथे पगारी नेमा.

कठड्यांचं म्हणाल तर सुरक्षितता मलाही हवी. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यातून पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं. ते दृश्य महाराष्ट्र विसरलेला नाही. पण वरून लोंढा आला तर कठडा काय करणार? जोराचा पाऊस असेल त्या दिवशी वाट बंद ठेवायची आणि ती बंद आहे हे सांगायला तिथे माणूस उभा करायचा. वाट अडवली तर आपणही निमूट मागे फिरायचं. लांबून आलोय, पैसे भरलेत, ही सबब तिथे सांगू नये.

आणखी एक. त्याच गटातल्या एका गृहस्थांनी आमच्या रिक्षावाल्याला विचारलं, "आदिवासी कुठे दिसतील?" लिटल अंदमान हे ओंगे लोकांचं घर आहे. आज ते शे-सव्वाशेच्या घरात उरले आहेत. त्यांच्या राखीव भागात बाहेरच्यांना जायला 1956 च्या कायद्याने मनाई आहे. रिक्षावाला नुसता मान हलवून गप्प राहिला. मला मात्र त्या प्रश्नाची लाज वाटली. तेव्हा मी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पुरवणीत पुन्हा हट बेबद्दल छापाल, तेव्हा बोटीच्या माहितीबरोबर दोन गोष्टी जरूर छापाव्यात, ही विनंती: डोहात साबण लावू नये, आणि ओंग्यांच्या भागाकडे गाडी नेण्याचा आग्रह चालकाला करू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा