दाईच्या चित्रातले कपडे: ओळ छापण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कंपनी काळातल्या चित्रात गोऱ्यांचे मूल मांडीवर घेतलेली बाई दिसली की खाली ‘तत्कालीन दाईचा पेहराव’ अशी ओळ सर्रास छापली जाते (दाई म्हणजे इथे दूध पाजणारी). हे थांबायला हवे. ते चित्र कसे बनले हे पाहिल्याशिवाय त्यातल्या कपड्यांवर विसंबता येत नाही.

मुर्शिदाबाद, पाटणा आणि तिरुचिरापल्लीला साहेबलोकांसाठी अभ्रकावरच्या चित्रांचे संच बनत. काही संचांत चेहरा एकाच कागदावर रंगवलेला असे. अभ्रकाच्या पारदर्शक पापुद्र्यांवर नुसते पोशाख काढलेले आणि चेहऱ्याची जागा कोरी. पापुद्रा बदलला की तोच चेहरा कधी आया, कधी पाणी वाहणारा भिस्ती. अशा संचातली दाई म्हणजे कोणी प्रत्यक्ष बसवून रेखाटलेली बाई नव्हे.

छापील चित्रांत रंगांचा घोळ असतो. बाल्तझार सोल्विन्स या बेल्जियन चित्रकाराने कलकत्त्यात राहून, स्वतः पाहून अडीचशे चित्रे छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. १७९६ आणि १७९९ च्या त्या आवृत्त्यांचे रंग उदास, मातकट आहेत. लंडनच्या एडवर्ड ऑर्मने त्यातली साठ चित्रे त्याला न विचारता पुन्हा कोरून घेतली, तीही भडक आणि गोंडस करून. आज गुळगुळीत कागदावर पुन्हापुन्हा छापली जातात ती बहुधा हीच, आणि लुगड्याचा रंग त्यांवरून ठरवला जातो! हाताने काढलेल्या चित्रांतही जपूनच असावे. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो, त्यामुळे आज काळी दिसणारी किनार मुळात पांढरी असू शकते.

सर्वांत मोठी गफलत उघड्या अंगाबद्दल होते. त्या काळी बंगालमधल्या सामान्य बायका चोळीशिवाय एकवस्त्रच नेसत. खांद्यावरून घेतलेला पदर एवढेच आवरण. कलकत्त्याच्या चित्रात पदर सरकलेला दिसला म्हणून ती दूध पाजणारीच, असे होत नाही. आपली मराठी चोळी पुढे गाठ मारायची, म्हणजे गाठ सोडली की पाजता येते. उत्तरेकडची अंगिया, म्हणजे तिकडची चोळी, पाठीवर बंदांनी बांधतात, वरून कुर्ती. ती खालून वर सारावी लागते. चित्रातल्या कपड्यात मूल पाजणे जमले असते का, एवढे तपासले तरी ती पाजणारी दाई की नुसती मूल सांभाळणारी आया, याचा थोडा अंदाज येतो.

शिवाय गोऱ्यांच्या घरी दूध पाजणाऱ्या दाईला स्वच्छतेसाठी मडमा स्वतः कपडे देत. तिचा पांढराशुभ्र जोड पाहून तिची जात, गाव किंवा ऐपत ठरवणे साफ चूक आहे. तो पोशाख मालकिणीच्या पसंतीचा.

तेव्हा अशी चित्रे छापताना चित्र हाताने काढलेले की छापील, कोणत्या गावचे, कोणत्या वर्षीचे आणि रंग कोणी भरले, एवढे खाली द्यावे. चित्र आहे तसेच तांब्याच्या पत्र्यावर उतरवले तर ठसा उलटा उमटतो, म्हणून पदराच्या खांद्याविषयी लिहिण्याआधी नथ पाहावी. मराठी बाईची नथ डाव्या नाकपुडीत असते. चित्रात ती बाईच्या उजव्या नाकपुडीत दिसली तर चित्र उलटे छापले गेल्याची शंका घ्यावी.

– एक वाचक, पुणे