सुमीला चंदगडला आणू नका

लीड्स, १४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलायला लागले की आई रडते आणि वहिनी फोन काढून घेते, म्हणून लिहितेय. जेवणं झाली की आईला वाचून दाखव. मध्येच थांबलास तरी चालेल, पण गाळू नकोस.

पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ओटी भरून सुमीला घरी आणायचं, हे मला कळतं. पण तिच्या पोटात जुळी आहेत. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच येतात. तिला आत्ता एकोणतिसावा चालू आहे, म्हणजे पाऊस ऐन भरात असताना कधीही.

सुमीच्या सासरच्या डॉक्टरनी सांगितलं म्हणे, "आली लवकर तरी बत्तीस-तेहतीसला येतील, काही काळजी नाही." माझी काळजी नेमकी त्याच आठवड्यांची आहे. इथं आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात २८ आठवड्यांच्या आतलं बाळ यायचं असेल तर कुणी विचार करत बसत नाही, ते थेट अतिदक्षतेत जातं. छत्तीस ओलांडलेलं बहुतेक वेळा आईच्या कुशीत राहतं. चकवतात ती ही मधली. जन्मतात, रडतात, रंग गुलाबी, वजन पावणेदोन किलो, घरचे पेढे वाटायच्या तयारीत. आणि दोन-तीन तासांनी बाळ प्रत्येक श्वासाला कण्हायला लागतं, नाकपुड्या फुगतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो.

याचं कारण असं, की श्वास सोडल्यावर फुप्फुसातले बारीक फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध पदार्थ लागतो. तो चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार झालेला नसतो. काही बाळांना आधीच पुरतो, काहींना नाही. वरून बघून ओळखता येत नाही. शिवाय ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ चौतिसाच्या आसपास बसतो, म्हणून श्वास बरा असला तरी दूध नळीनं द्यावं लागतं. अंगावर चरबी नाही, त्यामुळे गार पडतात, साखर उतरते. कुणी श्वास घ्यायचंच विसरतं.

मग कुणाला श्वासाचं यंत्र लागणार हे आधी कळतं का? थोडं कळतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खरे आठवडे, त्यानंतर वजन. आईला साखरेचा त्रास असला, कळा सुरू होण्याआधीच सिझर झालं, तर श्वासाचा धोका वाढतो. पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल तर जंतुसंसर्गाची भीती. आणि मुलग्यांना मुलींपेक्षा जास्त त्रास होतो, हे सुमीच्या सासूबाईंना मुद्दाम सांग. जुळ्यांत तर एक आईजवळ आणि दुसरं काचेच्या पेटीत असंही होतं. एवढं सगळं मांडूनही तेहतिसाव्या आठवड्याच्या एका ठरावीक बाळाबद्दल छातीठोक सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. चांगले डॉक्टर एवढंच म्हणतात, की लागेल असं धरून चला.

म्हणून सांगते, जागा आधी ठरवा. आपल्याकडे सरकारी हिशेबानं १८०० ग्रॅमच्या खालचं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ नवजात शिशूंच्या खास कक्षात, एसएनसीयूमध्ये ठेवतात. तशी सोय तालुक्याला सहसा नसते, ती जिल्ह्याच्या ठिकाणी असते. चंदगडला आणलंत तरी रात्री दोनला गाडी शेवटी बेळगावलाच काढणार ना? आणि सासरीच ठेवून जांबोटीच्या आतल्या त्या गावातून निघायचं म्हटलं तर ओढ्यावर पाणी चढलं की संपलं. जन्मलेल्या एवढ्याशा बाळांना गाडीतून हलवण्यापेक्षा ती पोटात असतानाच आईला हलवणं कितीतरी सुरक्षित.

माझं म्हणणं, तिसावा आठवडा लागला की सुमीला बेळगावात, शहापूरला काकांच्या घरी ठेवा. ओटी तिथंच भरा. आई तिथं राहायला गेली की झालं माहेर. रोपलावणीचं काय, हे तू म्हणशीलच. वहिनी आणि तू बघाल, गडी लावा, पैसे मी पाठवते.

अजून एक, इंजेक्शनचं. बाळंतपण लवकर होणार असं दिसलं की आईला डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी, चार वेळा. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आईला वाटेल परदेशातलं खूळ. तर जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत याची मोठी तपासणी केली, २०२० साली तिचे निकाल आले, तिच्यात आपल्या बेळगावच्या बायका होत्या. २६ ते ३४ आठवड्यांत बाळंत होणाऱ्या. इंजेक्शन न मिळालेल्यांची शंभरात साडेतेवीस बाळं दगावली, मिळालेल्यांची साडेएकोणीसच्या आसपास. पण हे गावातल्या कुणाकडून आधीच टोचून घेऊ नका. त्याच्या आधी, २०१५ साली, खेड्यापाड्यांतल्या अशाच एका कामाचे निकाल आले होते. तिथं बऱ्याचदा पोट टेपनं मोजून आठवडे ठरवले होते, आणि लहान बाळांना फायदा दिसला नाही, उलट एकूण बाळं थोडी जास्तच गेली. आठवडे नक्की माहीत हवेत, बाळ सांभाळायची सोय तिथंच हवी, आणि कळांची वेळ जवळ आलेली हवी. इंजेक्शननंतर एक दिवस ते एक आठवडा, एवढ्यात बाळंत झाली तर त्याचा खरा उपयोग.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी शोधून काढ. नंतरच्या सोनोग्राफीवरून आठवडे मोजले तर चूक वाढत जाते, जुळ्यांत तर विचारू नकोस. तो कागद आणि थायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, एका पिशवीत घालून सुमीच्या उशाशी ठेवा. पोट राहून राहून कडक होणं, कंबर सारखी भरून येणं, पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. सासूबाईंना विचारून, सकाळ होऊ दे म्हणून, असलं काही नको.

बाळं आत ठेवावी लागली तर आईनं घाबरू नये. छातीशी उघड्या अंगानं धरायचं, कांगारूसारखं, ते हल्ली आपल्याकडेही करवून घेतात. दोन बाळांना एक सुमी पुरायची नाही. जावईबापूंनी शर्ट काढून बसायची तयारी ठेवावी. लाजतील, पण बसतील. वहिनीलाही बसता येईल.

सोनोग्राफीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक, तारीख दिसेल असा. काकांना मी रविवारी फोन करते, त्याआधी तू एकदा जाऊन ये. मागची खोली रिकामी आहे का आणि संडास खालच्या मजल्यावर आहे का, एवढं बघ.

आईला नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
माली