साठवण प्रणालीचा डॅशबोर्ड संस्थेच्याच हाती हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातील शिक्षण संस्था, ग्रंथालये आणि रुग्णालये यांच्याकडील संगणकीय कागदपत्रांचा साठा वर्षागणिक वाढतो आहे आणि तो एका सर्व्हरमध्ये मावेनासा झाला, की तीन, चार किंवा अधिक सर्व्हरांवर माहिती विभागून ठेवणारी वितरित फाइल प्रणाली बसवली जाते. अशा खरेदीच्या वेळी सर्व्हरांची संख्या, डिस्कांची क्षमता आणि दर यांवर समितीत तासन्‌तास चर्चा होते. पण प्रणालीचा कारभार पडद्यावर दाखवणारे साधन, ज्याला आम्ही व्यवहारात डॅशबोर्ड म्हणतो, ते कोण बसवून देणार, त्याचा पासवर्ड कोणाकडे राहणार आणि ते रोज कोण उघडून पाहणार, हे कोणी विचारत नाही. मी गेली चौदा वर्षे येथील एका शिक्षण संस्थेच्या संगणक विभागात काम करतो. हे न विचारल्याचा फटका आमच्या विद्यार्थ्यांना बसलेला मी पाहिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे सेफ (Ceph) ही मुक्त स्रोत प्रणाली चार सर्व्हरांवर बसवलेली आहे. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील विभागात केलेल्या संशोधनातून ती उभी राहिली आणि २००६ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मांडणीत ती प्रत्येक माहितीच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवते, त्यामुळे एखादी डिस्क किंवा एखादा सर्व्हर गेला तरी माहिती जात नाही. पुरवठादाराच्या माणसांनी सगळे काम कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, दोन दिवसांत उरकले, डॅशबोर्ड सुरू केलाच नाही आणि आमच्या हाती सर्व्हरांच्या पत्त्यांचा एक कागद ठेवून ते निघून गेले. मेच्या अखेरीस, नवतपा सुरू असताना, सर्व्हर कक्षातील एसी रात्री बंद पडला आणि एक सर्व्हर तापून थांबला. प्रणालीने आपल्या नियमाप्रमाणे हरवलेल्या प्रती उरलेल्या तीन सर्व्हरांवर पुन्हा तयार करायला घेतल्या. त्या डिस्का आधीच बऱ्याच भरलेल्या होत्या. सेफमध्ये मूळ मांडणीनुसार डिस्क ८५ टक्के भरली की इशारा दिला जातो, ९० टक्क्यांना प्रतींची हलवाहलव थांबते आणि ९५ टक्क्यांना लिहिणेच बंद होते. प्रतींची हलवाहलव थांबली, परंतु विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या फाइली येतच राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, प्रबंध सादर करण्याची मुदत संपायला दोन दिवस असताना, एकही नवी फाइल स्वीकारली जाईना.

माहितीचा एक शब्दही गेला नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. प्रणालीने इशाराही वेळेवर दिला होता. मात्र तो पाहण्याची सोय आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती आणि पुरवठादाराचा तंत्रज्ञ पुण्याहून येईपर्यंत साठसत्तर विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन विभागाच्या दारात उभे होते.

डॅशबोर्ड बसवणे अवघड आहे, हा समज आता जुना झाला. सेफच्या २०१७ मधील आवृत्तीत तो केवळ पाहण्यापुरता होता. २०१८ पासून, ओपनॲटिक या साठवण-व्यवस्थापनाच्या प्रकल्पातील काम त्यात मिसळल्यावर, त्यातून प्रत्यक्ष कारभारही करता येऊ लागला. २०२० मध्ये सेफॲडम हे बसवणीचे साधन आले. ते पहिला सर्व्हर उभा करतानाच डॅशबोर्ड सुरू करते, शेवटी ब्राउझरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि तात्पुरता पासवर्ड पडद्यावर छापते आणि पहिल्या प्रवेशालाच तो पासवर्ड बदलायला लावते. बसवणाऱ्याने डॅशबोर्ड वगळण्याचा पर्याय मुद्दाम निवडला, तरच तो राहून जातो. पूर्वतयारीत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे घड्याळे. देखरेख करणाऱ्या सर्व्हरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की प्रणाली तक्रार करू लागते, म्हणून सगळ्यांच्या वेळा एकाच स्रोताशी आधी जुळवून घ्याव्यात.

खरी अडचण पुढे, पानाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राच्या ठिकाणी येते. डॅशबोर्ड सहसा ८४४३ या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) सुरक्षित जोडणीने उघडतो, पण त्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच तयार केलेले असते, त्यामुळे ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. आमच्याकडे पुढे डॅशबोर्ड सुरू झाल्यावर कर्मचारी ती सूचना डोळे मिटून पुढे ढकलायला शिकले आणि ही सवय मला कोणत्याही बिघाडापेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण उद्या खरोखर कोणी खोटे पान पुढे केले तरी हाच हात तसाच पुढे जाईल. संस्थेने स्वतःचे प्रमाणपत्र बसवून घ्यावे. दोन-तीन आज्ञांचे काम आहे. याच कारणाने आणखी एक गोंधळ होतो. डॅशबोर्डमधील आलेख ग्राफाना या वेगळ्या सेवेकडून येतात आणि तिचे प्रमाणपत्र ब्राउझरने मान्य केलेले नसेल, तर आलेखांच्या जागी कोरी चौकट दिसते. आमच्या एका सहकाऱ्याने त्यावरून आकडेच येत नाहीत असे समजून चांगला चाललेला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला होता.

डॅशबोर्ड आणि साठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. डॅशबोर्ड मॅनेजर नावाच्या सेवेत चालतो; ती सेवा थांबली तर पडदा जातो, पण फाइली वाचणे आणि लिहिणे चालू राहते. म्हणून दुसरा मॅनेजर राखीव ठेवावा, पहिला पडला की तो जागा घेतो. उलट बाजूने, डॅशबोर्डवरील एका क्लिकने होणारे काम साध्या फाइलीत केलेल्या बदलासारखे नसते. जागा कमी पडते म्हणून प्रतींची संख्या तीनवरून दोन करणे तेथे अगदी सोपे आहे, आणि घाबरलेल्या माणसाला तोच मार्ग पहिल्यांदा सुचतो, पण त्याने माहितीची सुरक्षितता कमी होते. पूल, म्हणजे माहितीचा एकत्र ठेवलेला गट, काढून टाकण्यावर प्रणालीनेच मुळात बंदी घातलेली असते, ती उठवून ठेवू नये.

यासाठी खाती वेगळी हवीत. सेफच्या डॅशबोर्डमध्ये केवळ पाहण्याची भूमिका तयार मिळते; विभागातील प्रत्येकाला स्वतःच्या नावाने ते खाते द्यावे आणि पूर्ण अधिकाराचे खाते दोघांपुरते ठेवावे. आमच्याकडे सगळे एकाच ॲडमिन खात्याने आत जात होते, त्यामुळे कोणी काय बदलले याचा मागच लागत नसे. डॅशबोर्ड इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा हट्ट काही अधिकारी घरून पाहता यावे म्हणून धरतात. त्यांना संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातूनच प्रवेश द्यावा. सूचना ईमेलने पाठवण्याची सेवा सेफॲडम सोबतच बसवते, पण तिला संस्थेचा पत्ता जोडून द्यावा लागतो आणि पुरवठादार हे काम हमखास विसरतात.

शिकवण्याच्या बाजूनेही बरेच करण्यासारखे आहे. हडूप ही अशीच दुसरी वितरित प्रणाली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना तिच्या नेमनोडचे, म्हणजे फाइलींची नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरचे, पान ५००७० या पोर्टवर उघडा, असे जुन्या टिपणांतून अजून सांगितले जाते; तिसऱ्या आवृत्तीपासून तो क्रमांक ९८७० झाला आहे. प्रात्यक्षिकाला आलेली मुले रिकाम्या पानाकडे पाहत बसतात आणि आपलेच काहीतरी चुकले असे मानतात, हे मला फार वाईट वाटते. सेफचा डॅशबोर्ड जर्मन, जपानी, कोरियन अशा भाषांत वाचता येतो. मराठी त्यात नाही. प्रणाली मुक्त स्रोत असल्याने भाषांतराचे काम कोणीही हाती घेऊ शकतो आणि आपल्या शहरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते प्रकल्प म्हणून घ्यावे, अशी माझी त्यांच्या शिक्षकांना मनापासून विनंती आहे.

खरेदी समित्यांवर बसणाऱ्या वाचकांना माझे एवढेच मागणे आहे की, निविदेत डॅशबोर्डची बसवणी, संस्थेच्या नावाची स्वतंत्र खाती आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचे किमान दोन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण या अटी घालाव्यात आणि प्रशिक्षणात एक डिस्क मुद्दाम काढून डॅशबोर्डवर काय दिसते ते दाखवायला लावावे. आमच्या विभागात आता दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी एक कर्मचारी डॅशबोर्ड उघडतो, सर्वांत जास्त भरलेल्या डिस्कचा टक्का वहीत लिहितो आणि सही करतो. ७० टक्क्यांच्या पुढे आकडा गेला, की नव्या डिस्कांची मागणी त्याच दिवशी कार्यालयात जाते.

आपला विश्वासू,
एक संगणक व्यवस्थापक,
नागपूर