विनंती बदलीचा अर्ज यंदा केला नाही

माझगाव, मुंबई

प्रिय आई आणि बाबा यांस सप्रेम सलाम.

फोनवर बाबांना अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे आई आपल्या सोयीने सांगते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. बँकेच्या नगरच्या शाखेसाठी विनंती बदलीचा अर्ज मी या वर्षी केलेला नाही, आणि आता त्याची मुदतही संपली आहे. तुम्ही मागची खोली रिकामी करून तिला रंगसुद्धा दिला, हे मावशीकडून मला कळले आहे. त्यामुळे ही गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत लांबवण्याचे धैर्य मला झाले नाही.

कारण तुम्हाला अर्धवट माहीत आहे. नर्सिंग शिकणाऱ्या ज्या मुलीविषयी मी ईस्टरला बोलले होते, तिचे हे शेवटचे वर्ष आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात ती आपल्या जिल्ह्यात परत जाईल. दर गुरुवारी बँक सुटल्यावर मी भायखळ्याला उतरते आणि आम्ही दोघी चर्चच्या आवारातल्या बाकावर बसतो. पाऊस असला तर पाळकसाहेब आतली खोली उघडून देतात. मार्ककृत शुभवर्तमानाचा एकेक अध्याय वाचायचा, त्यातले काय कळले नाही ते आधी बोलायचे, मागच्या आठवड्यात जे करायचे ठरले होते ते झाले की नाही हे एकमेकींना विचारायचे आणि प्रार्थना करून उठायचे, एवढाच हा सारा व्यवहार आहे. नऊच्या आत तिला वसतिगृहाच्या फाटकापाशी सोडावे लागते, कारण तिथला वॉचमन आईपेक्षाही कडक आहे.

आई, तू म्हणशील की एका मुलीसाठी एवढे कशाला, तिला उपासना आहे, तरुण संघ आहे, चांगले पाळक आहेत. हे सगळे आहे, आणि तरीही जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या, सगळी स्तोत्रे पाठ असलेल्या आणि दृढीकरण झालेल्या त्या मुलीला, तुझा स्वतःचा विश्वास काय आहे, हे आजवर कोणी समोर बसवून विचारलेच नव्हते. एकदा रात्रपाळीत वॉर्डमधले एक लहान मूल गेले. त्या गुरुवारी तिने मला विचारले, "प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत तेव्हा नुसते गप्प बसले तर चालते का?" ड्युटीच्या जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूला हा प्रश्न तिने आधीच लिहून आणला होता, आणि तो कागद घामाने इतका मऊ पडला होता की घडीवर फाटायला आला होता. मला उत्तर सुचले नाही. आम्ही 88वे स्तोत्र काढले, जे अंधारातच संपते आणि ज्याच्या शेवटी कोणतेही सांत्वन जोडलेले नाही, आणि ते दोनदा वाचून तशाच बसून राहिलो. उपासनेला शंभर माणसे बसलेली असताना हा प्रश्न कोण विचारणार आणि पाळकांनी तरी त्याला उत्तर कधी द्यायचे?

बाबा, शास्त्र तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरी लिहिते. प्रभूभोवती लोकांची झुंबड असे, पण बरोबर राहायला त्याने बाराच जण निवडले आणि त्यांतूनही पेत्र, याकोब आणि योहान यांनाच तो कितीदा तरी बाजूला घेऊन गेला. अपुल्लोस चांगला वक्ता होता, पण त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापुढचे ठाऊक नव्हते; प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला सभास्थानात सर्वांसमोर अडवले नाही, आपल्याकडे घेऊन नीट समजावून सांगितले. पौल तर आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, शिकवणीच्या पत्रात पोट बिघडते म्हणून काय घ्यावे हेही सांगतो, आणि शेवटच्या पत्रात, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, हिवाळ्याच्या आत ये, असे हक्काने मागतो. मला ही पत्रे त्या झग्यामुळे जवळची वाटतात. जे ऐकलेस ते विश्वासू माणसांकडे सोपव म्हणजे ती पुढे इतरांना शिकवतील, हे त्याच शेवटच्या पत्रात आहे, आणि माझी आशाही तेवढीच आहे की गावी गेल्यावर ही मुलगी आणखी एकीबरोबर बसेल.

यात धोका नाही असे मी म्हणत नाही. मी तिची गुरू होऊन बसू नये म्हणून काही गोष्टी आधीच ठरवल्या आहेत: तिच्या लग्नात मी पडणार नाही, पैशांची देवघेव करणार नाही, आणि तिने विश्वासाने सांगितलेले घरीदारी बोलणार नाही, म्हणून या पत्रातही तिचे नाव नाही आणि वरचा प्रश्नसुद्धा तिला विचारूनच लिहिला आहे. शब्बाथशाळेत मला शिकवणाऱ्या बाईंना मी स्वतः महिन्यातून एकदा भेटते. कोणाला तरी आपली गरज आहे, ही भावना तुला फार गोड वाटते का, असे त्यांनी मला तोंडावर विचारले. थोडी वाटते, असे मी त्यांना सांगितले.

या पत्राला खरे निमित्त मात्र मार्कच्या सातव्या अध्यायाचे झाले. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने तिथे चांगलेच सुनावले आहे. ते वाचून झाल्यावर ती सहज म्हणाली, "ताई, तुमचे आईबाबा नगरला दोघेच असतात ना?" तिला अर्जाविषयी काहीही ठाऊक नव्हते आणि मी सांगितलेही नाही, कारण ते ओझे तिचे नव्हे. पण त्या रात्री मी स्वतःला पुनःपुन्हा तपासले. देवाचे नाव पुढे करून मी तुम्हाला चुकवत असेन, तर ते गुरुवार काहीच कामाचे नाहीत. म्हणून शब्द देते की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, त्याच्या आदल्या रात्री मी दादरहून एसटीने निघेन, आणि तुमच्यापैकी कोणालाही बरे नसेल तर गुरुवार पुढे जाईल, तुम्ही पुढे जाणार नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज मी नक्की करणार आहे.

शिवाय बाबा, हे मी कोठून शिकले? माझगावच्या याच गॅलरीत शनिवारी रात्री तुम्ही छापखान्यातल्या सायकलवाल्या दादाबरोबर बसायचात, आई दोघांना बशीतून चहा द्यायची, आणि मी आत गोधडीत पडून तुमचे बोलणे ऐकत झोपी जायची. तो पावसाळ्यातला प्रकार झाल्यावर सगळ्यांनी त्याला टाळले तेव्हाही तुम्ही त्याच्यासाठी पाट मांडून ठेवायचात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्टही त्याला सांगताना मी ऐकली आहे, की 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. "डब्यात सभा नव्हती हो, दोघेच होते," असे म्हणून तुम्ही हसायचात. ते हसणे मला अजून ऐकू येते, बाबा, आणि गोधडीचा तो कापराचा वासही.

आता नीट ऐका. रंग दिलेल्या खोलीत बाबांची खाट हलवा, तिथून संडास जवळ आहे. भिंतीला धरायचा दांडा लावायला येणाऱ्या माणसाचे पैसे मी दिले आहेत, त्याला परत पाठवू नका. स्वयंपाकाच्या बाई दोन्ही वेळा येणार आहेत. आई, तू त्यांच्या पोळ्यांना नावे ठेवणार हे मला माहीत आहे, पण गुडघ्यांसाठी एवढे सोस. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासाने, आधी नाही. साखरेची तीन महिन्यांची तपासणी याच महिन्यात आहे. बाबांनी त्याआधी चार दिवस खारी सोडून डॉक्टरांना फसवण्यात अर्थ नाही, कारण त्यात मागचे सगळे दिसते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी आठवडाभराची रजा मंजूर करून घेतली आहे. थेंब मीच घालीन, आणि डोळ्यांत पाणी जाईल असे डोक्यावरून अंघोळ करणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. फाइल, आधार कार्ड आणि जुना चष्मा एका पिशवीत काढून ठेवा, आणि श्रवणयंत्राचे सेल नवीन घाला म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते बाबांना थेट ऐकता येईल.

तुमची,
बेबी

ता. क. मागच्या खोलीला कोणता रंग दिला ते कोणीच सांगत नाही. पुन्हा पिस्ता असेल तर मी येऊन बदलणार.