बाबा, चलनाच्या वह्या रद्दीत देऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हे सांगायला गेले असते तर बाबांनी ‘बरं बरं’ म्हणत फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहून पाठवतेय.

संध्याकाळच्या कॉलेजात या वेळी उद्योजकता हा विषय आहे. दर शनिवारी धंद्यातलं कुणीतरी बोलायला येतं. पहिले दोघे ॲपवाले होते, गुंतवणूकदार कसे गाठायचे ते सांगून गेले. कालचे पाहुणे वसईचे, प्लॅस्टिक मोल्डिंगचा कारखाना चालवणारे. आल्या आल्या त्यांनी खडू मागितला. फळ्यावर लिहिलं : कच्चा माल रोख, पगार सात तारखेला, गिऱ्हाइकाचे पैसे १२० दिवसांनी. मग म्हणाले, महिन्याला ८५ हजारांचा माल जात असेल तर किती पैसे कायम बाहेर अडकले?

चार महिन्यांचे. तीन लाख चाळीस हजार.

बाबा, मला घाम फुटला. हाच आकडा मी पाहिलाय. भांडुपचा गाळा सोडला तेव्हा तुमच्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही पेन्सिलीने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. २०१० साल, मी आठवीत. त्या वर्षी काम तर वाढलं होतं! पन्नास हजारांचं ८५ झालं, लेथ रात्री दहापर्यंत चालायचा. मग गाळा का गेला, हे मला कधी कळलंच नाही. मामा लग्नाच्या पंगतीत म्हणाला होता, ‘भाऊजींना धंदा जमला नाही,’ तेव्हा मी खाली मान घालून जेवत राहिले. मलाही तसंच वाटत होतं. काल कळलं की काम वाढलं म्हणूनच खड्डा वाढला. दोन लाखांचा जवळपास साडेतीन झाला, आणि मधले जवळपास दीड लाख तुम्ही उभे केले कुठून? आईच्या पाटल्यांतून. बुश आणि पिना, यंत्रांचे ते छोटे भाग, तुम्ही चोख बनवत होता. मापाचा व्हर्निअर लावून एकेक नग तपासताना मी तुम्हाला पाहिलंय. तुमचं कुठे चुकलं नव्हतं, बाबा. मला माफ करा.

ज्या एका कंपनीला तुम्ही माल द्यायचात, तिथे बिल घेऊन गेलात की दरवेळी ‘पुढच्या आठवड्यात या’. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असा कायदा २००६ सालीच झाला होता. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तुमची नोंदणी नव्हती. असती तरी एकाच गिऱ्हाइकावर पोट असलेला माणूस तक्रार करतो का? हे मी पाहुण्यांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘नाही करत. मीही केली नाही.’ आता निदान मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर टाकून बँकेकडून आधी पैसे उचलता येतात. २०१७ पासून ही सोय आहे. तुम्हाला सात वर्षं उशीर झाला.

आणि आई, एक तुझ्यासाठी. लिज्जतची गोष्ट आम्हाला दर व्याख्यानात ऐकवतात : १९५९, गिरगाव, सात बायका, उसने ८० रुपये. मला त्यातली लाटणावळ महत्त्वाची वाटते. जितकं लाटलं त्याची मजुरी बाईच्या हातात पडते. तू नऊ वर्षं दोन कामगारांचा डबा केलास, रात्री माल पाठवल्याची चलनं लिहिलीस. तुझी मजुरी त्या वहीत कुठल्याच पानावर नाही. आम्ही नफा म्हणत होतो त्यात तुझे किती गेले, ते मला मोजायचंय.

म्हणून एक मागणं. सत्राच्या शेवटी आम्हाला एका खऱ्या धंद्याचा हिशोब मांडायचा आहे. मला आपला मांडायचाय, कंपनीचं नाव न घेता. पण बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच. नको वाटलं तर आईजवळ सांगा, मी परत विषय काढणार नाही.

माळ्यावरच्या ट्रंकेत लाल वही आणि चलनाच्या वह्या असतील. गुलाबी प्रती वाळवीने खाल्ल्या नसल्या तर त्या जास्त कामाच्या आहेत, माल पोचल्याची तारीख त्यांवरच आहे. आई, त्यांना ऊन दाखव, पण टाचण्या काढू नकोस. गणपतीला तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरेन. बाबांनी स्टेशनवर येऊ नये, मी रिक्षाने येईन. गुडघ्याचं तेल आणतेय.

तुमची,
मनू