दिदरो पळून गेला नव्हता

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत गणिताच्या चौकटीत आपण गणिती ऑयलर आणि फ्रेंच विचारवंत दिदरोची गोष्ट छापलीत: पीटर्सबर्गला रशियाच्या दरबारात, 1773च्या सुमारास, ऑयलरने नास्तिक दिदरोला सुनावलं, ‘अ अधिक ब चा न-वा घात, भागिले न, बरोबर क्ष; म्हणून देव आहे, द्या उत्तर!’ आणि बीजगणित न येणारा दिदरो गप्प होऊन फ्रान्सला पळून गेला. काल दिवसभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. ही गोष्ट खोटी आहे, आणि ‘असे म्हणतात’ एवढे दोन शब्दही आपल्या लेखकाने त्यात घातलेले नाहीत.

दिदरोला म्हणे बीजगणिताचा गंध नव्हता! 1748 साली याच माणसाचं गणितावरच्या पाच निबंधांचं पुस्तक निघालं होतं. दालांबेरसारखा गणिती, दिदरो संपादक असलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्या कामात, वर्षानुवर्षं त्याचा जोडीदार होता. आणि दरबारात तरातरा पुढे येऊन सूत्र सुनावणारा आपला ऑयलर 1773 मध्ये जवळजवळ आंधळा झालेला होता.

ही गोष्ट लिहिली तिएबो नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने, तीस वर्षांनंतर. प्रसंग पीटर्सबर्गचा आणि हा तेव्हा राहायला बर्लिनला. त्याने ऑयलरचं नावही घेतलेलं नाही. उलट, सूत्र पोकळ आहे हे दिदरोच्या लक्षात आलं होतं, असंच तो सांगतो. ऑयलरचं नाव पुढे डी मॉर्गनने जोडलं. ज्याचे नियम आपण संचांच्या धड्यात शिकवतो तोच हा, मदुराईत जन्मलेला.

मला हे एवढं का लागलं, तेही सांगते. 1979 साली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी वर्गात विचारलं होतं, “सर, अनंत श्रेणीची पदं संपतच नाहीत, तर बेरीज ठरावीक कशी येते?” सरांनी खडू उचलला, फळ्याच्या कोपऱ्यात तेच सूत्र लिहिलं, हीच गोष्ट सांगितली आणि म्हणाले, “म्हणून क्ष. बसा आता.” सगळा वर्ग हसला. चाळीसएक मुलगे आणि आम्ही चार मुली. नंतर सरांनी डस्टरने बाकीचा फळा पुसला, ते सूत्र तेवढं तास संपेपर्यंत तसंच ठेवलं. मी पदवी घेतली, पण त्या वर्गात पुन्हा हात वर केला नाही. पुढे एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ती गोष्ट बनावट होती हे कळलं निवृत्तीनंतर, वाचनालयात बसून. पुस्तक मिटून किती तरी वेळ तशीच बसून होते.

खरी हकीकत वाचा म्हणावं लेखकाला. मुलीच्या हुंड्यासाठी दिदरोने आपला ग्रंथसंग्रह विकायला काढला. 1765 मध्ये रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनने तो 15,000 लिव्हरला (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेतला, पुस्तकं त्याच्याच घरी राहू दिली आणि त्यांचा ग्रंथपाल म्हणून त्यालाच पगार सुरू केला. त्या उपकाराची जाण ठेवून हा माणूस साठाव्या वर्षी घोडागाडीने रशियात गेला. ऑक्टोबर 1773 मध्ये पोचला, मार्च 1774 मध्ये निघाला. पळून जाणारा माणूस पाच महिने राहतो का? तिथल्या नेव्हा नदीच्या पाण्याने पोट बिघडलं, तरी सम्राज्ञीशी तासन् तास बोलायला जायचा, आणि नुसता बोलायचा नाही, विषय कागदावर मांडून न्यायचा. शिक्षण, कायदे, घटस्फोट, राजधानी मॉस्कोला परत न्यावी हेसुद्धा. ऑयलर ज्या विज्ञान अकादमीत होता, तिने याच मुक्कामात दिदरोला सभासद करून घेतलं.

परतीच्या वाटेवर हॉलंडमध्ये हेगला थांबून त्याने कॅथरीनच्या कायद्याच्या मसुद्यावर टिपणं लिहिली. सुरुवातच अशी, की राष्ट्राखेरीज खरा सार्वभौम नाही आणि जनतेखेरीज खरा कायदेकर्ता नाही. त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथसंग्रहाबरोबर ते कागद पीटर्सबर्गला गेले, तेव्हा ते वाचून कॅथरीन भडकली. एवढं लिहिणाऱ्याला आपण एका फालतू सूत्रापुढे गप्प बसवलंत.

आणखी एक. ते सूत्रही चुकीचं छापलंय. ‘ब’च्या डोक्यावर लहान अक्षरात ‘न’ हवा, तो घात आहे. आपण तो ओळीतच छापलात, म्हणजे ब गुणिले न झालं. हे पुरवणीत नेहमीचंच आहे. मागच्या महिन्यात दहाच्या सहाव्या घाताचे 106 झाले होते. शेजारचा सातवीतला मुलगा तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि दहा लाखांचे एकशे सहा कसे झाले, ते विचारत बसला. मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही.

दुरुस्ती द्याल ती त्याच चौकटीत, तेवढ्याच टायपात द्यावी. आतल्या पानाच्या तळाशी नको. आणि घात वर छापावा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा